मोर्शीचा मुकादम

५ जानेवारी

प्रतीक्षाच्या कानाच्या तपासणीचा खरा खर्च लिहून ठेवतो. मॅडमची फी अडीच हजार. अकोल्याहून अमरावतीला जाऊन यायचं पेट्रोल. दुकान दिवसभर बंडूच्या भरवशावर, म्हणजे दोन तरी गिऱ्हाईकं समोरच्याकडे गेली. आणि परतताना बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत बायको, शालू, शेजारी बसून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सगळ्यात महाग हेच पडलं.

ही डायरी पंपाची कंपनी दरवर्षी देते आणि दरवर्षी ती गल्ल्याखाली दबून मरते. यंदा लिहितो, कारण आजचं कोणाला सांगता येत नाही आणि मला गप्प बसणं जमत नाही.

पोरगी सत्तावीस वर्षांची, अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपासून मागच्या बाकावरची पोरं तिला फार शहाणी झाल्यासारखी वाटत होती. मग एक दिवस हेडमास्तरीण बाई वर्गात शिरल्या. "मॅडम, हे पोट्टे मागं गाणे म्हणून राह्यले अन् तुमी फळ्यावर लिहून राह्यल्या?" तेव्हा कळलं, पोरं सुधारली नव्हती.

साधना मॅडम कानाच्या डॉक्टर. म्हणाल्या, दोन्ही कान सारखेच उतरले आहेत, हळूहळू आणखी उतरतील. इतक्या तरुणपणी असं झालं तर ते बहुधा घराण्यातून येतं. रक्त घेतलं. ते हैदराबादला जाईल.

आणि मे महिन्यात लग्न काढायचं आहे. मुलगा चांदूर रेल्वेचा, संघपाल, कृषी खात्यात. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय, मोठ्यांची बोलणी तेवढी बाकी. चांदूरवाल्यांना हे कळलं आणि त्यांनी मान फिरवली तर पोरगी मोडून पडेल. ठरवलं, लग्न होईपर्यंत तोंड बंद.

मॅडमनी विचारलं, घरात आणखी कोणाला कमी ऐकू येतं का? मी म्हटलं, "आमच्याकडून शोधू नका मॅडम. माझ्या कानावर तर घर उभं राह्यलं."

शालूनं तेवढ्यात खिडकीबाहेर पाहिलं.

८ जानेवारी

बढाई नाही मारत. सतराव्या वर्षी मोटरीच्या दुकानात झाडू मारायला लागलो. तिथं जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी भरायचे. मालकानं हात धरून काही शिकवलं नाही, मी कान लावून शिकलो. पेचकसाचं टोक चालू मोटरीवर ठेवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मोटर आपलं दुखणं स्वतः सांगते. आज 'तायडे मोटर्स' अशी सहा फुटी पाटी आहे आणि दर्यापूर, अचलपूरपासून माणसं एसटीत मोटर टाकून येतात. आज एकाची मोटर ऐकून सांगितलं, रोटर घासतो. उघडली तर घासत होता. गिऱ्हाईक पाया पडायचं बाकी राहिलं.

गल्ल्यावरचा पंखा तर माझी जाहिरात आहे. तार मी भरली, बेअरिंग मी बसवलं. चार वर्षं झाली, 'चूं' नाही. कंपनीचा माणूस आला की मी बोट वर करतो आणि म्हणतो, असा बिनआवाजाचा पंखा तुमच्या कारखान्यात दाखवा. नवी गिऱ्हाईकं तर त्याच्याकडे सारखी मान वर करून बघतात.

बंडूचा मात्र वैताग आहे. तेरा वर्षं झाली माझ्याकडे, हात सोन्याचा, पण गिऱ्हाईक जे बोलेल ते माझ्याकडे तोंड करून मोठ्यानं परत बोलायची खोड. आज चिडलोच. "अबे, मी बहिरा आहो काय?"

"नाई मालक," म्हणे, "मले सवय आहे."

१९ जानेवारी

चांदूरची माणसं येऊन गेली. माझे होणारे इवाई शालिकरामजी, पोस्टातून रिटायर, सभ्य आणि फार हळू बोलणारा माणूस. मिशीही भरघोस, त्यामुळे शब्द अर्धे तिथंच अडकतात. त्यांची मंडळी चंदाबाई हसऱ्या. संघपालनं आल्या आल्या सगळ्यांना जयभीम केला आणि पोहे दोनदा मागून खाल्ले. मला पोरगा आवडला.

बोलणी माझ्या धोरणानं झाली. मुलीचा बाप अडून बसला की गोष्टी बिघडतात. शालिकरामजी जे जे म्हणाले त्याला मी मान हलवून "बराबर" म्हटलं. एकदा ते थांबले, माझ्याकडे पाहत राहिले, मग पुन्हा काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "एकदम बराबर." ते खूश झाले. शालूनं टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणजे तिलाही पटलं.

कानाची गोष्ट अर्थात निघाली नाही. प्रतीक्षा केस मोकळे सोडून बसली होती.

६ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. साधना मॅडमनी तिघांना समोर बसवून तासभर समजावलं. आज त्यांनी कागदावर चित्रं काढत, तोंड वर करून सांगितलं, म्हणून सगळं नीट कळलं. विसरायच्या आत लिहितो.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते. तिच्यात बारीक केसांच्या पेशी. आवाज आला की हे केस हलतात आणि मेंदूला खबर जाते. या पेशी जन्मताना मिळतात तेवढ्याच. मेल्या की नव्या येत नाहीत.

आता त्यांना जगवायचं कोणी? त्यासाठी एक जनुक आहे. नाव विचित्र: पी-ओ-यू-चार-एफ-तीन. होमिओबॉक्स जातीचं. (होमिओपॅथीशी संबंध नाही, हे मॅडमनी मी विचारायच्या आधीच सांगितलं.) या जनुकात एका प्रथिनाची कृती लिहिलेली असते. ते प्रथिन स्वतः काही उचलत नाही, ठोकत नाही. ते दुसऱ्या जनुकांवर जाऊन बसतं आणि त्यांना कामाला लावतं.

"म्हणजे मुकादम," मी म्हटलं.

"अगदी मुकादम," मॅडम म्हणाल्या. "आणि होमिओबॉक्स म्हणजे त्या कृतीतला असा तुकडा, की ज्यातून मुकादमाचा पंजा बनतो. त्या पंजानं तो डीएनए धरतो. माशीत, कोंबडीत, तुमच्यात, असे पंजेवाले मुकादम सगळीकडे आहेत. कोणी पाय कुठे फुटायचा ते बघतो, कोणी डोळ्याचं बघतो. आपला हा कानातल्या पेशी सांभाळतो."

मला एकदम ड्रिलचा चक दिसला. यंत्र कोणतंही असो, पातं धरायचा चक तोच.

प्रतीक्षाच्या मुकादमाच्या कृतीत चूक निघाली. मुकादम दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडला तर दुसऱ्याला एकट्यानं भागवता येत नाही. पेशी तयार होतात, पण पंचविशी-तिशीनंतर एकेक काम सोडून जाते. आणि तिच्या प्रत्येक लेकराला हा बिघडलेला मुकादम मिळायची शक्यता निम्मी.

शेवटचं वाक्य ऐकून प्रतीक्षानं पेन खाली ठेवलं. इतका वेळ ती मॅडमचं सगळं लिहून घेत होती.

गाडीत मी मनात पक्कं केलं. मुकादम दोन. एक माझा, तो धडधाकट. म्हणजे बिघडलेला मोर्शीचा, शालूच्या माहेरचा. सासरे काय ओरडून बोलायचे! आता कळलं का ते.

९ फेब्रुवारी

मोर्शीला जाऊन आलो. शालूला सांगितलं संत्री आणायला जातो.

मोटरीत बिघाड असला की मी तार टोकापासून तपासत जातो. तसंच केलं. सासूबाई मैनाबाई ऐंशीच्या घरात. त्या अंगणात पाठमोऱ्या बसून तूर निवडत होत्या. मी हळूच मागं गेलो, वाकलो आणि फरशीवर रुपया टाकला.

"पैसा पडला तुमचा, जावईबापू," त्या मान न वळवता ओरडल्या. "अन् काहून चोरासारखे येऊन राह्यले? चपला करकर करतात तुमच्या."

मला स्वतःला काही रुपया वाजल्यासारखा वाटला नाही, पण मी वाकलेलो होतो. दोन्ही साळ्यांना बागेच्या त्या टोकाला उभं करून इकडून हळू हाका मारल्या. दोघंही आले. एक तर येताना म्हणाला, "भाऊजी, एवढं कल्लावून काहून राह्यले?" सासरे का ओरडायचे, हेही विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याशी बोलाचं राहे ना त्याइले."

याचा अर्थ लागला नाही. मुकादम लपून बसलाय एवढं खरं. संध्याकाळी बागेत बसलो तर रातकिडेही नाहीत. फवारणीनं सगळे मेले असणार.

१२ फेब्रुवारी

मॅडमना आई-बाप दोघांचं रक्त हवं होतं. मी म्हटलं, "माझं बेलाशक घ्या, तुलनेले एक चांगला नमुना लागतोच." शालू म्हणाली, "कानही तपासा यांचे." मी म्हटलं, तपासा.

काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला चांगलं चाललं, मग मधेच मॅडमचं यंत्र बंद पडलं असावं; बराच वेळ काहीच वाजलं नाही. मी शिस्तीत बसून राहिलो. बाहेर आलो तर मॅडम आलेखाकडे बघून गप्प. असा कान त्यांनी पाहिला नसेल. नंतर खाली मान घालून लिहिता लिहिता बरंच काही बोलल्या. मी म्हटलं, "बराबर."

शालूनं कपाळाला हात लावला.

३ मार्च

घरात भांडण. प्रतीक्षा रविवारची आली होती. म्हणाली, संघपालच्या घरी सगळं तू सांग. मी म्हटलं, आत्ता नाही. तिचा आवाज चढला, "बाबा, उद्या मी मशीन लावीन, तवा काय सांगशीन? झुमका आहे म्हणून?" मी म्हटलं, "तू शिकलेली आहेस, मी दुनिया पाहिली आहे." ती माझ्याकडे पाठ करून काहीतरी बोलली आणि आत गेली. ऐकलं एकदाचं माझं.

मन मात्र लागत नाही. पेन खाली ठेवणारा तिचा हात सारखा दिसतो.

१४ मार्च

रिपोर्ट दुपारी मोबाइलवर आला. दुकानात उभ्यानं वाचला.

आई: बदल आढळला नाही. वडील: तोच बदल आढळला.

१५ मार्च

आज एकटाच अमरावतीला गेलो. मॅडमनी तोच आलेख माझ्याकडे फिरवला. डावीकडे रेघ बरी, मग उताराला लागलेल्या ट्रॅक्टरसारखी खाली. "खालचे सूर, मोटरीची घरघर, हे तुम्हाला येतं," त्या म्हणाल्या, या वेळी माझ्याकडे बघून, सावकाश. "त्यात तुमचा हात आणि हाडही कंपनं ओळखतात, तीस वर्षांचा सराव आहे. पण वरचे सूर गेलेत. बायकांचा आवाज, पाखरं, रातकिडे, नाणं."

"यंत्र बंद पडलं होतं ना तुमचं?"

"नाही, तायडे साहेब. यंत्र चालू होतं."

घरी येऊन शालूला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"गल्लीले माहीत आहे."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं ना! जानेवारीत येताना सांगतलं. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तेच सांगत होती. रडून रडून सांगतलं, पोरीचं तुमच्यावर गेलं असंल, तुमचेही कान दाखवा. तुमी समोर पाहून गाडी चालवून राह्यले. शेवटी हात लावला त् म्हणाले, बराबर."

मग ती हसायला लागली. थांबेचना. मला आधी राग आला, मग तिच्या हसण्याचा आवाजही नीट ऐकू येत नाही हे लक्षात आलं, आणि राग गेला. डोळ्यांना पाणी का आलं, ते लिहीत नाही.

मुकादम मोर्शीचा नव्हताच. माझाच होता. पोरीला वारशात दुकानाची पाटी द्यायला निघालो होतो, दिलं हे.

१६ मार्च

बापानं दिलं ते बापानंच सांगायचं. सकाळीच चांदूर रेल्वेला गेलो. प्रतीक्षा अमरावतीहून येते म्हणाली, आली. ओसरीवर शालिकरामजी, चंदाबाई, संघपाल. मी उभाच राहिलो. म्हटलं, "इवाईबुवा, पोरीचे कान उतरले आहेत, आणखी उतरतीन. हे माझ्याकडून गेलं आहे तिले. पुढं लेकराइले जायची शक्यता निम्मी. लपवाचं ठरवलं होतं, ते माझं चुकलं. तुमी मोकळे आहा."

मग शालिकरामजी उठले, खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले आणि मिशी बोटानं वर धरून मोठ्यानं म्हणाले, "तिले कमी ऐकू येते हे आमाले डिसेंबरातच समजलं. तिनं संघपालले सांगतलं, त्यानं आमाले. तुमच्या पोरीनं या महिन्यात तुमालेही सांगतलं म्हणे, तुमच्याकडे पाठ फिरवून काहून सांगतलं तेवढं तिले विचारा. आमी वाट पाहून राह्यलो होतो, तुमी *तुमचं* कवा सांगता याची."

"माझं?"

"पहिल्या भेटीतच समजलो. मी विचारलं, लग्न अकोल्यात का चांदूरले? तुमी म्हणाले, बराबर."

चंदाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"मंग मी म्हटलं, चांदूरले करू, जेवण तुमचं. बराबर. मंग मी गंमत म्हणून इचारलं, आमच्या विहाराच्या बोअरवर एक मोटर बसवून देता काय? तुमी म्हणाले, एकदम बराबर."

आता संघपालही हसत होता आणि माझी पोरगीही. तिला तसं हसताना पाहून किती महिने झाले होते.

चंदाबाईंनी डोळे पुसले आणि खरी गोष्ट काढली. "अन् लेकराचं कसं?"

संघपाल म्हणाला, "आई, निम्मी शक्यता आहे. झालं त् लहानपणापासून तपासू, टाइमावर मशीन लावू. मले चष्मा आहे, म्हणून प्रतीक्षाच्या बाबांनी लग्न मोडलं का माझं?" प्रतीक्षा म्हणाली, "लेकराचं काय कराचं ते मी अन् संघपाल ठरवू. मॅडमशी बोललो आमी. भीती वाटते. पण ते आमचं आहे." तिनं हे माझ्याकडे तोंड करून म्हटलं.

"ठरवा," चंदाबाई म्हणाल्या. "निम्मं निम्मं त् सगळ्याचंच असते. याचं नाक बापाचं आलं, आपण ठेवलंच ना?"

येताना बोअर बघून आलो. दोनशे फूट. दोन एचपीत काम होईल.

७ एप्रिल

प्रतीक्षानं काल मशीन लावून पहिला तास घेतला. फोन न करता व्हिडिओ लावला, म्हणजे मला तोंड दिसेल. "बाबा, मागच्या बाकावर मले काय म्हणतात माहीत आहे? मिक्सर, मोठ्यानं बोलते म्हणून! दोन वर्षं म्हणून राह्यले अन् मले पत्ता नाई." एवढी खूश मी तिला दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

माझी मशीनं अजून डब्यात. लग्नात लावीन म्हटलं.

११ मे

लग्न चांदूरला झालं. जेवण माझं. मोटर काल बसवली, आज पाहुण्यांनी तिच्याच पाण्यानं हात धुतले.

मशीनं सकाळी लावली आणि आधी घाबरलोच. शालूच्या बांगड्या एवढा आवाज करतात? भंतेजींच्या मागून सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. आजवर मला तो एक गंभीर घुमारा वाटायचा. आज त्यात बायकांचे, लेकरांचे आवाज वेगवेगळे आले. मैनाबाई एक ओळ पुढं पळत होत्या.

जेवताना मागं बसलेल्या प्रतीक्षाचं कुजबुजणंही ऐकलं. संघपालला म्हणत होती, "हळू बोल, बाबाचं मशीन चालू आहे."

निघताना पोरीला छातीशी धरलं. कानाला कान लागला आणि आमची दोघांची मशीनं एकदम 'कुंईं' करून ओरडली. सगळा मांडव दचकला. रडायला तयार उभी असलेली शालू खदखदून हसली, मग चंदाबाई, मग सगळे. पुन्हा धरलं, पुन्हा ओरडली. आमचा मुकादम बिघडलेला असला तरी हजर होता म्हणायचा. तिसऱ्यांदा मुद्दाम धरलं.

माझ्या घरातून आजवर इतकं हसत कोणी सासरी गेलं नसेल.

१३ मे

दुकान उघडलं. मशीनं लावून गल्ल्यावर बसलो. कुठूनतरी चिमणी अडकल्यासारखा आवाज येत होता. शटरच्या वर पाहिलं, कपाटामागं पाहिलं, बंडूला शिडी आणायला सांगितली.

"मालक, चिमणी नाई ते," बंडू म्हणाला. पहिल्यांदाच हळू बोलला. "पंखा आहे. बेअरिंग गेलं त्याचं."

"कवापासून?"

"बसवला तवापासून."